आयएमजी ०००१ आणि एक कंटाळलेला फ्रेंच माणूस

मागच्या दिवाळीत चंद्रपूरला घरी गेलो होतो. फराळ, नातेवाईक, "पुण्यात फ्लॅट घेतला का?" हे सगळं दोन दिवसांत आटपलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतला एक जुना मित्र मोटरसायकल घेऊन दारात उभा. "चल बे, माझं काम दाखवतो तुला."

हा माणूस एका छोट्या संस्थेत आहे. वनविभागाची परवानगी घेऊन ही मंडळी ताडोबाच्या बाहेरच्या जंगलात, ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडे वडसाच्या बाजूपर्यंत, कॅमेरा ट्रॅप लावतात. म्हणजे झाडाला बांधलेला एक डबा. समोरून काही गरम अंगाचं हललं की तो आपोआप फोटो काढतो. वाघ, रानडुक्कर, शेळी, पाटील, कोणीही.

ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. टेबलावर बडीशेपेच्या प्लास्टिकच्या डब्या, आणि प्रत्येक डबीत एकेक एसडी कार्ड. मित्र काय करून राहिला होता (चंद्रपूरला गेलो की माझी भाषाही अशी होते) तर कार्ड लॅपटॉपला लावायचं, फोटो उघडायचा, खाली छापलेली तारीख-वेळ वाचायची आणि फाइलचं नाव बदलायचं. मग पुढचा फोटो. मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो.

"दिवसाला किती होतात रे?"

"नीट बसलो तर हजारेक. पण नीट बसता कुठे येते? तू इंजिनियर आहेस ना? मग काही तरी करून दे ना यार."

मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. (आमच्या धंद्यातले लोक इथे हसले असतील. हसा.)

नाव बदलायची गरज का पडते, ते आधी सांगतो. डिजिटल कॅमेरा फाइलला नाव कसं देतो याचा एक नियम जपानी उत्पादकांनी १९९८ मध्ये ठरवला. चार अक्षरं आणि चार आकडे. आकडे ०००१ ते ९९९९, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. सहलीला एक कॅमेरा नेणाऱ्या माणसासाठी हे ठीक आहे. पण जंगलात साठ कॅमेरे लावले, तर साठही कार्डांवर आयएमजी ०००१ नावाचा फोटो निघतो. दोन कार्डं चुकून एका फोल्डरमध्ये ओतली की एकाचे फोटो दुसऱ्यावर बसतात आणि एक वाघ दुसऱ्या वाघाला शब्दशः पुसून टाकतो.

बरं, मुळात एवढे फोटो आले कुठून? पूर्वी वाघ मोजायला कॅमेरा लागत नसे. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पाऊलखुणांवरून वाघ मोजायची पद्धत आणली, आणि पुढची जवळजवळ चार दशकं देशभर तीच चालली. मातीत ठसा दिसला की त्यावर काच ठेवायची, वरून पेनाने कड गिरवायची, ती कागदावर उतरवायची. किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा. मग कोणीतरी जाणकार ते सगळे ठसे समोर मांडून सांगणार की हा नर, ही मादी, हा कालचाच, हा नवीन.

या पद्धतीला नावं ठेवणं आज सोपं आहे. पण ती उभी होती वनमजूर आणि वनरक्षकांच्या पायांवर. भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात (ज्यांनी ते बघितलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही), पहाटेपासून नाले आणि धुळीच्या वाटा तुडवायच्या. घोटाळा व्हायचा तो शेवटच्या पायरीवर. तोच वाघ ओल्या मातीत मोठा ठसा सोडतो आणि कडक मातीत लहान. दोन जाणकार तेच ठसे बघून दोन आकडे सांगू शकत. कोण बरोबर हे तपासायचं कसं, याला उत्तर नव्हतं. राजस्थानात सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते, आणि २००४ च्या अखेरीस लक्षात आलं की जंगलात एकही उरलेला नाही. २००५ मध्ये सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स बसला, आणि ठशांची पद्धत मोडीत निघाली.

कॅमेऱ्याची वाट त्याआधीच उल्हास कारंथ यांनी कर्नाटकात नागरहोळेला दाखवून ठेवली होती. त्यांचा त्याविषयीचा शोधनिबंध १९९५ चा. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा, दोन वाघांचे सारखे नसतात. त्यातही डाव्या कुशीचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे. कारंथ आणि जेम्स निकोल्स यांचा २००४ मध्ये जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या जंगलांत आपलं ताडोबाही होतं. तेव्हा कॅमेरे फिल्मचे. छत्तीस फोटो झाले की रोल संपला. गाय गेली तरी एक फोटो खर्च!

मग डिजिटल आलं आणि धरण फुटलं. आकडेच बघा. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी काढलेले फोटो ३,४८,५८,६२३. साडेतीन कोटी! त्यात वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटो बघावेत तेव्हा एकात वाघ. त्या गणनेची गिनीज बुकात नोंद झाली, आणि फोटो वेगळे करायला कॅटरॅट नावाचं खास सॉफ्टवेअर वापरलं गेलं. पण हे झालं राष्ट्रीय पातळीवरचं. दोन खोल्यांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर म्हणजे माझा मित्र आणि त्याचं उजवं मनगट.

त्याचा कंटाळा बघताना मला लुई पूझाँ आठवला.

हा फ्रेंच माणूस १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करायला आला. तिथे सीटीएसएस नावाची एक व्यवस्था होती: एकच मोठा कॉम्प्युटर आणि तो अनेक लोक एकाच वेळी वापरणार. पूझाँने तिच्यासाठी डझनावारी कमांड लिहिल्या आणि त्या रोज त्याच क्रमाने टाइप करता करता तो वैतागला. मग त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, रनकॉम. काम काय, तर एका फाइलमध्ये कमांड ओळीने लिहून ठेवा, मी त्या एकामागून एक चालवतो. वर एक सोय अशी की फाइलमध्ये रिकामी जागा सोडायची आणि चालवताना तिथे हवं ते नाव भरायचं. शेल स्क्रिप्टचा जन्म तो हाच. पुढे मल्टिक्स नावाच्या नव्या व्यवस्थेसाठी त्याने ही कल्पना आणखी वाढवून कागदावर मांडली, तिला 'शेल' हे नाव दिलं आणि तो फ्रान्सला परतला. मल्टिक्सचं पहिलं शेल १९६५ मध्ये प्रत्यक्ष लिहिण्यात एमआयटीच्या ग्लेंडा श्रोडर यांचा हात होता. त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

तुमच्यापैकी जे लिनक्स वापरतात त्यांच्या होम फोल्डरमध्ये 'बॅशआरसी' नावाची एक लपलेली फाइल असते. त्यातलं 'आरसी' म्हणजे रनकॉम. साठ वर्षं झाली, तो वैताग अजून आपल्या प्रत्येकाच्या मशिनवर बसून आहे. मला हे कळलं तेव्हा नोकरीला लागून सात वर्षं झाली होती. असो.

पुढची गोष्ट बेल लॅब्जची. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतले पाइप जसे एकाला एक जोडतो तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत. ते प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं, केन थॉम्पसनने युनिक्समध्ये पाइप आणला. गंमत म्हणजे या युनिक्सचं पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक कंपनीचं पेटंट खातं होतं. पेटंटचे अर्ज टाइप करायचे, ओळींना क्रमांक द्यायचे, असलं रटाळ काम. १९७९ मध्ये स्टीव्ह बोर्न यांचं शेल सगळीकडे गेलं. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सने त्याची मुक्त आवृत्ती लिहिली, ती बॅश. आणि १९९१ नंतर लिनक्सबरोबर ती घराघरात पोचली.

'घराघरात' म्हणजे आमच्या घरी नाही. आमच्यापर्यंत ती आली ती पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून. १९९६ मध्ये त्यांनी अंकाबरोबर लिनक्स वाटायला सुरुवात केली, आणि ती सीडी हातोहात फिरत, ओरखडे पडत चंद्रपूरच्या हॉस्टेलांपर्यंत पोचायची. पुस्तक मात्र आमच्याच विदर्भातलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचंही एक पुस्तक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातली उदाहरणं पाठ केलेली आमची पिढी. ते ज्ञान आयुष्यात खरोखर कुठे लागेल असं तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं.

तर, स्क्रिप्ट. त्या रात्री जेवण झाल्यावर लिहायला बसलो. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ लपवून ठेवतो. ती वाचायला एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे. कॅनडातल्या फिल हार्वे या भौतिकशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ते लिहायला घेतलं. ते प्रत्येक फोटोवर चालवायचं, तारीख घ्यायची आणि फोल्डरचं नाव जोडून फाइलला नवं नाव द्यायचं. वीस ओळी.

पहिली ठेच लगेच लागली. मित्राच्या फोल्डरचं नाव होतं 'मोठा नाला उजवी'. बोर्नसाहेबांच्या शेलला जागा दिसली की शब्द संपला. त्यामुळे माझी स्क्रिप्ट आधी 'मोठा' नावाचं फोल्डर शोधायला गेली, मग 'नाला', मग 'उजवी'. तिन्ही सापडले नाहीत म्हणून तीनदा रडली. अवतरणचिन्हं घालायला विसरलो होतो. कॉलेजात याच चुकीचे दोन मार्क गेले होते.

ते दुरुस्त केलं आणि एक कार्ड लावलं. फोटो भराभर नव्या नावांनी नव्या फोल्डरमध्ये उतरले. दीड मिनिट! मित्र खुर्चीतून उठून नाचायचा बाकी होता. मी पण फुशारलो, खोटं कशाला बोलू.

मग त्याने ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तसली. कार्ड क्रमांक, ठिकाण, लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, फोटो किती, मोजले कोणी. जंगलातून कार्ड आणणारे त्यांचे काका (साठीचे आहेत, आयुष्य त्याच जंगलात गेलं, सगळे त्यांना काकाच म्हणतात) कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरचा आकडा जागेवरच टिपून आणतात. या कार्डासमोर लिहिलं होतं ६,११४. नव्या फोल्डरमध्ये होते ५,२८७.

आठशे सत्तावीस फोटो गायब. आणि स्क्रीनवर एक अक्षर चूक म्हणून आलेलं नाही.

कारण सापडायला तास गेला, आणि सापडल्यावर मान खाली गेली. हे कॅमेरे एकदा जागे झाले की लागोपाठ तीन फोटो काढतात. वेळेची नोंद मात्र सेकंदापर्यंतच. एकाच सेकंदात दोन फोटो निघाले की दोघांना मी एकच नाव दिलं. आणि फाइल हलवायच्या कमांडचा जुना स्वभाव असा की त्या नावाची फाइल आधीच असेल तर काही न विचारता तिच्यावर दुसरी बसवायची. म्हणजे आयएमजी ०००१ मुळे होणारा जो गोंधळ निस्तरायला मी आलो होतो, तोच मी दीड मिनिटात आठशे सत्तावीस वेळा करून दाखवला. मित्र हाताने करत होता तेव्हा दिवसाला हजारच होत असतील, पण दोन फोटोंना एक नाव द्यायला गेला तर विंडोज त्याला अडवत तरी होतं.

नशीब एवढंच की मी थेट कार्डावर काम केलं नव्हतं, आधी लॅपटॉपवर नक्कल घेतली होती. तेही मित्राच्या संस्थेच्या नियमामुळे, माझ्या अकलेमुळे नाही. वहीतला आकडा जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा त्यांचा नियम.

"तीनातले दोन तर सारखेच असतात ना?" मी उगाच बचाव करून पाहिला.

"पहिल्यात नुसतं डोकं येते. कूस दुसऱ्यात-तिसऱ्यात येते," तो म्हणाला. आणि पट्टे कुशीवर असतात.

पट्टे नीट दिसण्याला या भागात काय अर्थ आहे ते पुण्यात बसून कळत नाही. सीटी-१ नावाचा एक वाघ होता. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं त्याच्या हल्ल्यांत गेली. १३ ऑक्टोबर २०२२ ला वडसाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं. अशा वेळी सगळा परिसर भीतीने गोठलेला असतो. धान उभं असतं, आणि शेतात जायला कोणी तयार नसतं. लोक म्हणतात, कुठलाही पकडा, पण पकडा. आणि जंगलात तर वाघ एकच नसतो. जिथे हल्ला झाला तिथल्या कॅमेऱ्यात आलेला आणि आता समोर बंदुकीच्या टप्प्यात उभा असलेला, हे दोन्ही एकच आहेत का, याचं उत्तर पट्टे देतात. चुकीचा पकडला तर एक निरपराध वाघ आयुष्यभर पिंजऱ्यात आणि खरा मोकळाच. पुढचा मृत्यू मग त्या हिशोबात जातो. माझ्या स्क्रिप्टने खाल्लेल्या आठशे सत्तावीस फोटोंत असं काही नव्हतं, मी नंतर सगळे बघितले. बहुतेक गाई. पण स्क्रिप्टला ते कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी नवीन आवृत्ती. मूळ फाइलला हात लावायचा नाही, फक्त नक्कल करायची. नावात ठिकाण, कॅमेरा, बाजू, तारीख, वेळ आणि शेवटी मूळचा आयएमजी क्रमांकही ठेवायचा. त्या नावाची फाइल असेल तर थांबायचं आणि बोंब मारायची. आणि शेवटी दोन आकडे छापायचे: किती आले, किती गेले. जुळले ६,११४.

मी विजयी मुद्रेने बसलेलो असताना काका चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिले.

"भाऊ, हे रात्रीचे बारा वाजले म्हणते काय जी?"

"हो काका, बारा वाजून दहा मिनिटं."

"मंग सावली कोणाची हाय ते?"

फोटोत एक चितळ उभं होतं आणि त्याच्या पोटाखाली काळीभोर, आखूड सावली. भर दुपार. कॅमेरा लावताना एएम-पीएम उलटं झालेलं. त्या कॅमेऱ्याच्या लेखी वाघ दुपारी फिरत होते आणि गुराखी मध्यरात्री गाई चारत होते. एक्झिफटूलला सांगून सगळ्या वेळा बारा तास सरकवणं हे एका ओळीचं काम आहे. पण सरकवायच्या हे ठरवायला काका लागले. आता स्क्रिप्ट प्रत्येक कॅमेऱ्याचे पाच फोटो समोर टाकते, आणि वहीत एक रकाना वाढलाय: 'वेळ बरोबर?' तो काकाच भरतात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कार्डांवर माणसं फार असतात. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, तेंदूपानांचे भारे, सायकली, आडोशाला बसलेलं कोणी. हे त्यांचं रोजचं जाणं-येणं. गडचिरोलीत तर मेंढा (लेखा) सारख्या गावांना २००९ मध्ये जंगलावरचे सामूहिक हक्क कायद्याने मिळालेले आहेत. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात त्रिशांत सिमलाई यांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे बायकांचं तिथलं मोकळं वावरणं, गाणंसुद्धा, कमी झालं असं त्यात आहे. मित्राने ते वाचलेलं होतं. आता मेगाडिटेक्टर नावाचं फुकट मॉडेल मिळतं, ते फोटोत प्राणी आहे, माणूस आहे, गाडी आहे की काहीच नाही ते सांगतं. माझ्या स्क्रिप्टला ते पाइपने जोडलं (मॅकिलरॉयना नमस्कार) आणि माणसांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ लागले. त्यांचं पुढे काय करायचं, मी विचारलं.

"मोजायचे आणि पुसायचे," तो म्हणाला. "कोण होतं ते कोणीच बघायचं नाही."

स्क्रिप्टमध्ये ती ओळ मी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदाच फाइल पुसायची कमांड लिहिताना हात थरथरला नाही.

पुण्याला परत आल्यावर जानेवारीत त्याचा फोन आला. स्क्रिप्ट चालली नाही, थांबली आणि बोंब मारली म्हणाला. आले ४,०९०, गेले ४,०८८. दोन फाइली अर्धवट लिहिलेल्या निघाल्या, कार्डच खराब होत चाललं होतं. ते कार्ड त्याने वेगळ्या डबीत ठेवलंय आणि वर 'वापरू नये' असं काकांनी लिहिलंय. स्क्रिप्ट आता वीस ओळींची एकशे चाळीस झाली आहे. त्यातल्या शंभरेक ओळी नुसत्या मोजण्याच्या आहेत.